रमणिकभाईंच्या कॉन्टेसाची बैठक

धुडकू आनंदा सोनवणे यांनी सुरतेत कितीतरी मोटारींच्या बैठका शिवल्या, परंतु त्यांपैकी एकाही मोटारीतून त्यांनी प्रवास केलेला नव्हता. मोटार दुकानासमोर उभी राही, धुडकू दार उघडून आत शिरत, गुडघ्यांवर बसून माप घेत आणि काम झाले की मागच्या मागे बाहेर येत. चालत्या मोटारीत बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नव्हती. गोडादऱ्याच्या घरून उधना दरवाज्याच्या दुकानापर्यंत ते सायकलने येत. सायकलच्या सीटला त्यांनी स्वतः शिवलेले कव्हर होते व त्याबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती.

ते मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात लागले. तेथील वाफेने डोळे चुरचुरू लागले, तेव्हा त्यांनी शिवणाचे मशीन धरले. प्रथम रिक्षांचे टप, मग स्कूटरच्या गाद्या आणि शेवटी मोटारी, अशी त्यांची चढती कमान होती. जयंतीभाईंच्या मोटार-सजावटीच्या दुकानात, आत शिरताच डाव्या हाताच्या कोपऱ्यात, त्यांचे मशीन होते. त्या कोपऱ्यात बसूनच त्यांनी मुलगी वर्षा हिचे लग्न केले, म्हणजे लग्नापुरते मिळवले.

१९९६ सालच्या उन्हाळ्यात जयंतीभाईंनी त्यांना चहा दिला. जयंतीभाई कधी चहा देत नसत, त्यामुळे धुडकूंनी कप हातात घेण्यापूर्वीच विचारले, "काय झालं, शेठ?"

"दिल्लीहून तयार कव्हरं येऊ लागली, धुडकूभाई. पाकिटात. मारुतीचं वेगळं, फियाटचं वेगळं. गिऱ्हाईक येतं, पाकीट घेतं, जातं. मला तिथे रॅक मारायचा आहे."

"तिथे म्हणजे कुठे?"

जयंतीभाईंनी मशीनकडे पाहिले नाही, पण हात तिकडेच केला.

"मग मी कुठे बसू?"

"एक काम आलं आहे. रिंग रोडच्या साडीमार्केटचे रमणिकभाई. त्यांनी कॉन्टेसा गाडी घेतली, मोठी, लांबलचक. आतलं सगळं त्यांना खास पाहिजे. ते खूश झाले तर त्यांच्या मागे अर्धं मार्केट येईल आणि मशीन राहील. नाही झाले तर रॅक. मी साफ बोलणारा माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी रमणिकभाई स्वतः आले. गोरे, गोलसर, बोलके गृहस्थ होते. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. चामडे चालणार नाही, कारण ते जैन होते. रेक्झिन चालणार नाही, कारण पाठीला घाम येतो. तिसरी गोष्ट सांगताना त्यांनी डोळे मिटले. "धुडकूभाई, अंदर बैठनेवाला बोलते बोलते चूप हो जाना चाहिए. चूप!"

धुडकूंनी होकार दिला; परंतु माणूस कशाने चूप होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी कॉन्टेसाचा ड्रायव्हर योगराज यास गाठले. योगराज अमळनेरचा होता, पंचविशीतला, आणि त्याला सर्व विषयांची माहिती होती.

"नाना, मोठ्या गाडीत काय असतं ते मला विचारा."

"विचारतोच आहे."

"थंड हवा असते. अत्तराची बाटली असते. मागच्या काचेपाशी मान हलवणारं कुत्रं असतं. आणि सीटवरचं प्लास्टिक काढत नाहीत."

"का काढत नाहीत?"

"काढलं तर सीट जुनी होते ना."

"मग माणूस बसतो कशावर?"

"प्लास्टिकवर. उन्हात पाठ चिकटते. पण चिकटता चिकटता कळतं की खाली काहीतरी भारी आहे."

या उत्तराने धुडकूंचे समाधान झाले नाही. घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. पत्नी पुष्पाबाई यांनी कारण विचारले आणि सर्व ऐकून घेतले. मग त्या भाकरी थापत म्हणाल्या, "आपले गाडीमा बठानं माहित नही, पन देवीले बठाडानं माहित शे ना? तुमना शेठ कानबाईपेक्षा मोठा शे का?"

"मोठा नही."

"मंग? जी गादी तिले चालस, ती तेले नही चालस का?"

कानबाई ही खानदेशाची देवी. श्रावणात रविवारी ती घराघरांत बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. गोडादऱ्यातील गल्लीच्या कानबाईची बैठक दरवर्षी धुडकूच शिवत. मागचा पडदा, वरचे छत आणि चौरंगावरची गादी, सर्व एका मखमलीचे. ती बैठक पाहून आलेल्या बाया बोलता बोलता गप्प होत, हे त्यांना आठवले. पुष्पाबाईंचे म्हणणे त्यांना पूर्णपणे पटले. त्यात चूक काय, हे त्या रात्री सांगू शकेल असा मनुष्य त्या घरात नव्हता.

त्यांनी डाळिंबी रंगाची मखमल निवडली. छताला चुण्या घालून मधोमध फूल काढले. खिडक्यांना आखूड पडदे लावले आणि त्यांना जरीची किनार दिली. ती किनार रमणिकभाईंच्याच गोदामातील होती. गाद्यांच्या कापसात कापराच्या वड्या घातल्या, कारण कानबाईच्या गादीत त्या घालतात. मखमल आसनावरून खाली उतरवून, मध्ये न तोडता, थेट पाय ठेवण्याच्या जागेवर पसरली. कारण कानबाईची मखमलही चौरंगावरून तशीच जमिनीवर येते. जयंतीभाई येताजाता डोकावत आणि "वाह" म्हणत, पण कोपऱ्याचे माप घेण्यासाठी त्यांनी सुतारालाही एकदा बोलावून ठेवले होते.

गाडी तयार झाली. रमणिकभाई आले. योगराजने मागचे दार उघडले. रमणिकभाईंनी आत पाहिले, आणि कोणी काही न सांगता पायांतील बूट काढले. आत बसले. काही बोलले नाहीत. जयंतीभाई अभिनंदनासाठी पुढे झाले. त्यांनीही चपला काढल्या, खिडकीत वाकले आणि काही न बोलता सरळ उभे राहिले. गाडी निघून गेली. बूट मागे राहिले. योगराज थोड्या वेळाने ते न्यायला पायी आला.

"खूश आहेत का?" जयंतीभाईंनी विचारले.

"बोलत नाहीत," योगराज म्हणाला.

धुडकूंना वाटले, काम फत्ते झाले. माणूस चूप व्हावा असे सांगितले होते, माणूस चूप झाला होता.

परंतु आठवडाभरात योगराज वेगळ्या बातम्या आणू लागला. कॉन्टेसात बसणारा प्रत्येक मनुष्य बाहेर पादत्राणे काढत होता. अहमदाबादचे एक व्यापारी स्टेशनवर चपला सोडून आले आणि मार्केटात अनवाणी उतरले. रमणिकभाईंच्या घरची मुले गाडीत भांडेनाशी झाली. तेवढे ठीक होते. पण त्यांच्या पत्नीने आत नाश्ता करण्यास नकार दिला, आणि एका वृद्ध नातलगाने उतरताना काचेला हात लावून तो कपाळाला लावला.

"हे चांगलंच आहे की," धुडकू म्हणाले.

"नाना, शेठ भाव गाडीत ठरवतात. दुकानात चार दलाल कान देऊन असतात, म्हणून गिऱ्हाईकाला गाडीत घालून चक्कर मारतात. आता गिऱ्हाईक हात जोडून बसतं. शेठही बसतात. मी आपला रिंग रोडला फेऱ्या मारतो. कोणी खोटं बोलत नाही, आणि खोटं बोलल्याशिवाय साडी विकली जाते का?"

त्याच संध्याकाळी रमणिकभाई दुकानात आले. चेहरा पडलेला होता. "धुडकूभाई, तमे तो मंदिर बनावी दीधुं," ते म्हणाले. मग समजावे म्हणून हिंदीत म्हणाले, "थोड़ा कम करो. थोड़ा सा."

थोडे म्हणजे काय, हे त्यांना सांगता आले नाही. धुडकूंनी पडदे काढले. लोक चपला काढतच राहिले. त्यांनी छताचे फूल उसवले, चुण्या सोडवल्या. लोक चपला काढतच राहिले. कापूर काढण्यासाठी गाद्या उघडल्या आणि पुन्हा शिवल्या. त्याचाही उपयोग झाला नाही. जयंतीभाईंनी आता चहा दिला नाही. ते सुताराशी मोठ्याने बोलत होते, "हां, मशीन हटल्यावर इथपासून इथपर्यंत."

धुडकूंनी हे ऐकले. कोपऱ्यातून उठल्यावर आपण कोठे जाऊ, हा विचार त्यांनी प्रथमच नीट केला. रंगाईच्या कारखान्यात त्यांच्या वयाच्या माणसाला घेत नसत. घरी बसून गोधड्या शिवता आल्या असत्या, पण गोधड्या गल्लीतील प्रत्येक बाई स्वतःच शिवत होती. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि ते रमणिकभाईंना म्हणाले, "शेठ, मला एकदा गाडीत बसवून न्या. गिऱ्हाईक असताना."

"तमने?" रमणिकभाई म्हणाले. मग त्यांनी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी जळगावचे पंडितशेठ येणार होते. हे साड्यांचे मोठे गिऱ्हाईक. भाव करताना समोरच्याच्या आईबापांपर्यंत जात, असा त्यांचा लौकिक होता. कॉन्टेसा मार्केटसमोर उभी होती. धुडकू पुढच्या सीटवर बसण्यास गेले, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्या चपला आपल्या मांडीवर आहेत. त्या त्यांनी केव्हा काढल्या, हे त्यांना आठवेना.

"हे कोण?" पंडितशेठांनी मागे बसत विचारले.

"आपले कारागीर," रमणिकभाई म्हणाले.

"बरं." पंडितशेठांनी बूट काढून दाराबाहेर ठेवले. योगराज उतरला, ते उचलून डिकीत टाकले आणि परत येऊन बसला. ही आता त्याची सवय झाली होती.

गाडी निघाली. मोटार चालताना पोटात हलके वाटते, हे धुडकूंना कोणी सांगितले नव्हते. मागे दोघे हात जोडून बसले होते. शेवटी रमणिकभाई म्हणाले, "पंडितशेठ, नवा माल..."

"इथे नको," पंडितशेठ हळू आवाजात म्हणाले. "दुकानात बोलू."

"दुकान मां तो बधा सांभळे छे."

"ऐकू द्या. इथे जीभ वळत नाही हो, रमणिकभाई. काय करणार?"

धुडकूंनी मान वळवून मागे पाहिले. ते चेहऱ्यांकडे पाहण्यास वळले होते, परंतु त्यांची नजर पायांवर गेली. पंडितशेठांच्या टाचा वर उचललेल्या होत्या. रमणिकभाईंनी पायांची बोटे आत वळवून धरली होती. मग त्यांनी स्वतःचे पाय पाहिले. ते चक्क अधांतरी होते. मांड्या दुखू लागल्या होत्या आणि त्यांना त्याचे कारण कळले नव्हते. एवढ्या भारी गाडीत तिघेही पाय मखमलीला लागू नयेत म्हणून अंग चोरून बसलेले होते. योगराजचे तेवढे पाय खाली होते, कारण त्याला ब्रेक दाबावा लागे.

कानबाईची मखमल जमिनीपर्यंत येते ती तिच्यासाठी. तिच्यावर पाय देण्याची कोणाची हिंमत नसते, लहान मुलांनाही आया मागे ओढतात. तीच मखमल धुडकूंनी साडीच्या व्यापाऱ्याच्या पायांखाली घातली होती आणि वर आरामात बसा म्हटले होते.

"गाडी दुकानावर घ्या," ते म्हणाले.

"कुठल्या दुकानावर?" योगराजने विचारले.

"माझ्या," धुडकू म्हणाले, आणि मग सुधारून, "जयंतीभाईंच्या."

दुकानासमोर त्यांनी सर्वांना खाली उतरवले. पंडितशेठ बाकावर अनवाणी बसले आणि चहा मागवून मोकळे झाले. धुडकूंनी आसनाच्या खालच्या कडेशी कात्री लावली. कापताना त्यांचा हात एकदा थांबला, कारण मखमल अखंड ठेवण्यासाठी त्यांनी फार श्रम घेतले होते. मग त्यांनी ती सरळ कापली, घडी करून मशीनच्या खणात ठेवली, आणि पायांखाली काथ्याच्या चटया घातल्या. रिक्षांसाठी आणलेल्या त्या चटया राठ होत्या, तपकिरी होत्या आणि त्यांच्यात शोभेचे काहीही नव्हते.

"आ?" रमणिकभाई चटयांकडे पाहत म्हणाले. "कॉन्टेसा मां?"

"बसून पाहा, शेठ."

पंडितशेठांनी डिकीतून बूट काढून घातले. आत बसले, पाय चटईवर टेकवले, एकदा घासले, आणि मग पाठ मागे टाकून मखमलीला पूर्णपणे टेकले. त्यांनी सुस्कारा सोडला. दार अजून लागलेही नव्हते तोच ते म्हणाले, "रमणिकभाई, मागच्या खेपेच्या साड्यांचा रंग एका धुण्यात उतरला. लोकांना काय तोंड दाखवायचं मी?"

"गरम पाणी मां नाखी हशे!" रमणिकभाई ओरडले. "तुम्हाला धुता येत नाही, आणि मला बोलता?"

"मी धुतो का साड्या? माझी बायको धुते!"

"तो भाभी ने शिखवाडो!"

गाडी निघाली. चौकापर्यंत आवाज ऐकू येत होते. जयंतीभाई दारात उभे राहून ऐकत होते. सिग्नलवर गाडी थांबली तेव्हा पंडितशेठांचा हात खिडकीबाहेर आला, हवेत दोनदा आपटला आणि आत गेला.

"भांडतात," जयंतीभाई म्हणाले.

"हो," धुडकू म्हणाले.

"फार भांडतात. सौदा होईल."

रमणिकभाईंनी पुढे मार्केटातून आणखी काही गाड्या पाठवल्या. अर्धे मार्केट आले नाही. जे आले त्यांतील काहींनी चटया पाहून परत जाणे पसंत केले. पाकिटे मात्र दिल्लीहून येतच राहिली, आणि त्यांतील पुष्कळ कव्हरे सीटला ढगळ होत असल्याने ती आवळून देण्यासाठी धुडकूंच्याच मशीनवर येऊ लागली. जयंतीभाईंनी सुतारास बोलावले होते, त्याला रिकाम्या हाताने पाठवणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. त्यांनी रॅक बनवून घेतला. तो मशीनच्या वर, भिंतीला ठोकला. धुडकू त्याच्या खाली बसतात आणि उठताना डोके सांभाळतात.