गाळलेली हवा

चढाच्या मध्यावर टेम्पोनं दोन गचके दिले, काळ्या धुराचा लोट सोडला आणि तो बंद पडला. पुढच्या सीटवर आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन बसले होते. माझा नवरा त्या टेम्पोचा ड्रायव्हर. तो सोसायटीचं डिझेल चोरून विकतो की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ते आले होते. मागं दुधाच्या कॅनांच्या मधे मी आणि माझी सासू. मी उडी मारून चाकाला दगड लावला. तेवढ्यात चेअरमन दार उघडून म्हणाले, "झालं का नाटक सुरू?"

"नाटक कशाचं, साहेब? गाडी दम धरंना," नवरा म्हणाला.

"एरवी धरती. मी बसलो की बरी धरंना."

सासू वरूनच ओरडली, "आरं ए चेरमन, नाटक बघायचं तर तिकीट काढ आधी!"

चेअरमननी तिच्याकडं बघितलं नाही. सकाळी त्यांनी समोर उभं राहून टाकी काठोकाठ भरून घेतली होती आणि झाकणाला स्वतःच्या हातानं सुतळीच्या गाठी मारल्या होत्या. तालुक्याला दूध घालून परत यायचं आणि टाकीत किती उरलं ते बघायचं. ॲव्हरेज पुन्हा कमी आलं तर गाडीची किल्ली त्याच दिवशी त्यांच्या भाच्याकडं जाणार होती. तसं त्यांनी माणसांत सांगितलं होतं.

किल्ली गेली असती तर आम्हाला कोयता धरावा लागला असता. त्या साली पाऊस पडलाच नाही. रान काळंठिक्कर, दसऱ्यालाच गावात पाण्याचा टँकर सुरू झालेला. ऊसतोडीचा मुकादम दारावरून दोनदा येऊन गेला होता. नवऱ्याला ही नोकरी लागायच्या आधी आम्ही दोघं ऊस तोडायला जायचो, त्यामुळं मला त्यातलं सगळं माहीत. पहाटे उठून डोक्यावर मोळ्या वाहायच्या, पालात झोपायचं, आजारी पडलं तरी तोडायचं. मला त्याचंही फार वाटत नव्हतं. प्रश्न सासूचा होता. तिच्या पायाला तरुणपणी नारू झालेला. विहिरीच्या पाण्यातनं पोटात गेलेला तो दोऱ्यासारखा किडा पायातनं बाहेर पडला, पण पाय कायमचा वाकडा करून गेला. आम्ही सहा महिने बाहेर राहिलो तर टँकरच्या गर्दीतनं तिला एक घागर पाणी कोण आणून देणार, आणि म्हशीला न् तिच्या रेडकाला कोण पाजणार, हे मला सांगता येत नव्हतं. आणि चोर म्हणून नाव निघाल्यावर शेजारचं कोण दारात येतंय?

गंमत अशी की गाडी बिघडली ती दुरुस्त करून आणल्यावर. आधी ती बरी चालत होती. दसऱ्याला पूजा करायची म्हणून नवऱ्यानं सोसायटीच्या मागं लागून तिचं सगळं काम काढून घेतलं. गेवराईच्या गॅरेजमध्ये दिवसभर बसून टॅपेट लावून घेतले, नोझल साफ केले, ऑइल बदललं, डिझेलचा आणि हवेचा असे दोन्ही फिल्टर नवे टाकले. संध्याकाळी गाडी दारात लावली ती नव्या नवरीसारखी. त्या टेम्पोचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधल्या पेटीखाली असायचं. नवऱ्यानं पेटी उघडली, हातानं फिरणारी एक चाकी सोडवून डब्याचं झाकण काढलं आणि आतला पांढरा घड्याघड्यांचा कागद आम्हाला दाखवला.

"हे बघ माय. इंजिन हवा घेतं ती ह्यातनं गाळून घेतं. धूळ भाईरच ऱ्हाती."

"कागदातनं?" सासू म्हणाली.

"कागदातनं."

"लई शहाणे हायेत बनवणारे," ती म्हणाली आणि आत गेली. आम्ही हसलो.

आठवड्याभरात गाडीनं रंग दाखवला. चढावर धक्के मारायची, मागून काळा धूर, आणि डिझेल तर असं प्यायची की पूर्वी जेवढ्यात दोन फेऱ्या व्हायच्या तेवढ्यात एकच व्हायला लागली. रोज थोडी थोडी जास्तच. नवरा गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं नोझल पुन्हा काढून बघितले. पंपाचं टायमिंग बघितलं. ब्रेक चिकटतोय का म्हणून गाडी न्यूट्रल करून हातानं ढकलली, तर ती आरामात पुढं गेली. डिझेलमध्ये रॉकेल आहे का म्हणून बाटलीत घेऊन वास घेतला. काही सापडलं नाही. गॅरेजमध्ये उभी असली की इंजिन शांत चालायचं.

"भाऊ, माझ्याकडं तर घड्याळावानी चालती," मिस्त्री म्हणाला.

"मग चढ आणून दे तुझ्याकडं. चढावर रडती ती."

"फिल्टरचं बघितलं असतं, पण ते तर नवेच हायेत."

"नवेच हायेत," नवराही म्हणाला.

दोघांचंही खरंच होतं. नव्या वस्तूवर कोण संशय घेतं? दुसऱ्यांदा नेली तेव्हाही जुन्या भागांवरच हात फिरवला आणि नवे तसेच राहिले.

इकडं गावात सुरू झालं. पारावरची माणसं नवऱ्याला बघून म्हणायची, "डायवर, आमच्या चुलीलाबी जरा डिझेल दे की." एक जण तर त्याच्या सदऱ्याचा वास घेऊन म्हणाला, "अत्तर नवं लावलंय जणू." ड्रायव्हरच्या सदऱ्याला डिझेलचा वास येणार नाही तर कशाचा येणार? नवरा मुळात कमी बोलायचा, आता तेही बंद झालं. जेवायचा व्यवस्थित, पण ताटाकडं बघून जेवायचा. मी विचारलं, "तुमी विकलंय का?" विचारून टाकलेलं बरं असतं. तो म्हणाला, "न्हाई." मी म्हणाले, "मग भाकरी वर बघून खावा."

चेअरमन स्वतः गाडीत बसणार हे सासूला कळलं तेव्हा ती काठी घेऊन दारात उभी राहिली. "मीबी येती. माझ्या लेकाला चोर म्हणतंय, मी बघती कसं म्हणतंय." नवरा म्हणाला, "माय, मागं कॅनात बसावं लागंल." ती म्हणाली, "बाळंतपणं बैलगाडीत झालीत माझी, मला कॅनाचं भेव दाखवतू का?" मग तिला धरायला म्हणून मी. अशी आमची वरात निघाली होती, ती त्या चढावर येऊन थांबली.

ऊन असं होतं की कॅनला हात लावला तर चटका बसायचा. दूध फार वेळ थांबणार नव्हतं. नवऱ्यानं पेटी उघडली. पंपाचा बोल्ट सैल करून डिझेल येतंय का बघितलं. येत होतं. पुन्हा स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली, घुसमटून काळं ओकली आणि पुन्हा मेली. असं तीनदा झालं. चेअरमन कडेला बाभळीच्या सावलीत उभे राहून घड्याळ बघत होते. नवरा घाम पुसत आपल्याशीच बोलला, "डिझेल तर येतंय. हवाच मिळंना हिला. गुदमरतीय."

सासू मागून उतरून काठी टेकत पुढं आली होती. ती म्हणाली, "हवा मिळंना कावून? चांगली गाळून मिळतीय की."

नवऱ्याचा हात थांबला. "काय म्हणलीस माय?"

"गाळून म्हणलं. त्या कागदावर माझा भरवसा न्हाई. मी आतनं फडकं बांधलंय."

"कुठं?"

"त्या डब्यात. तू दावलं न्हाईस का? चांगलं चौपदरी बांधलंय. पाण्याला दोन पदर पुरतात, पण ह्या सालची धूळ लई."

हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी कॅनची झाकणं दाबून बघत राहिले.

हे दुसऱ्या कोणाला वेडेपणाचं वाटेल, मला वाटलं नाही. नारूनं पाय गेल्यानंतर सरकारी माणसं गावात येऊन सांगून गेली होती, पाणी कापडातनं गाळून प्या. तेव्हापासून तिनं न गाळलेला थेंब घरात येऊ दिला नव्हता. रांजणाच्या तोंडाला फडकं, घागरीला फडकं, टँकरच्या पाईपला फडकं. लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला चुलीच्या आधी गाळणं दाखवलं होतं. तिच्या हिशेबानं लेकानं नवी केलेली गाडी घराचीच होती, आणि लेक तोंडानं म्हणाला होता की हवा गाळून जाते. मग ती नीट गाळायला नको?

नवऱ्यानं चाकी सोडवली आणि झाकण उचललं. कागदाच्या फिल्टरला भोवतीनं हिरवं कापड गुंडाळलेलं, वर गाठ. हिरवं मी म्हणते ते गाठीजवळचं. बाकीचं मातीच्या रंगाचं झालं होतं, भाकरीएवढा जाड थर. त्यानं ते सोडवून झटकलं तर आमच्या तिघांच्या तोंडावर धूळ आली.

"आत्याबाई, हे तर तुमचं नवं लुगडं!" मी म्हणाले.

"मग? जुन्याला भोकं असत्यात. त्यातनं सगळं आत जातंय."

नवरा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि हसायला लागला. कितीतरी दिवसांनी हसत होता, आणि थांबता थांबेना. सासू चिडली. "हसाय काय झालं? चोरी तर न्हाई केली कुणाची." मग ती चेअरमनकडं वळली. "बघितलंस का? डिझेल ह्या फडक्यानं पिलंय. माझ्या लेकानं न्हाई."

"आधी गाडी चालू करा," चेअरमन म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण चूक कबूल करताना त्यांचा घसा बसायचा.

फडकं काढल्यावर गाडी एका स्टार्टरला सुरू झाली आणि धूर न सोडता चढ चढून गेली. दूध मात्र वाचलं नाही. तालुक्याच्या केंद्रावर कॅन उघडला, वास आला आणि तिथल्या माणसानं हात आडवा केला. ते आम्ही तसंच परत आणलं. टाकीची सुतळी सोडून बघितलं तर एवढ्या भानगडीनंतरही डिझेल अंदाजापेक्षा बरं उरलं होतं. तरी चेअरमन दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत बसले. त्या दिवशी ॲव्हरेज पहिल्यासारखं आलं. त्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली आणि निघाले.

सासू सोसायटीच्या ओट्यावर वाट अडवून बसलेली होती. "आता म्हण, माझा लेक चोर न्हाई."

"न्हाई, आजी."

"काय न्हाई?"

"चोर न्हाई तुमचा लेक."

"मोठ्यानं म्हण. सुनंला ऐकू गेलं न्हाई."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी म्हणाले, "न्हाई आलं, चेअरमनसाब." ते मोठ्यानं म्हणाले. दूध घालायला आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं.

त्या बायांनी सासूला पुढं बरेच दिवस सोडलं नाही. नासलेल्या दुधात त्यांचंही दूध होतं. "माय, आमच्या नवऱ्यालाबी एक फडकं बांध, लई धूर सोडतोय," असं म्हणायच्या. ती म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला पोतं लागंल." मिस्त्रीला कळलं तेव्हा त्यानं ते फडकं मागून घेतलं म्हणे, गिऱ्हाइकांना दाखवायला. नवऱ्यानं दिलं नाही. धुऊन आईला परत आणून दिलं. त्यानंतर डब्याला हात लावायचा नाही अशी तंबी होती, पण रेडिएटरमध्ये घालायचं पाणी तो तिच्याच हातनं गाळून घ्यायचा. टँकरचं गढूळ पाणी होतं, तिथं तिचं बरोबरच होतं. ती रोज सकाळी गाडीजवळ उभी राहून घागरीवर फडकं धरायची आणि तो ओतायचा.

मुकादमानं दुसरं जोडपं बघितलं. पुढचा उन्हाळा फार वाईट गेला. कडबा मिळेना, टँकर चार दिवसांआड यायला लागला. पण गाडी रोज गेली आणि पगार आला, त्यामुळं आम्ही गाव सोडलं नाही. त्यातनं नवरा, सासू, मी आणि म्हैस अशी चौघं जगलो. रेडकू जगलं नाही.