डाव्या तळहाताची उंची

शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा पुन्हा बळ धरतो तो औषधानं, व्यायामानं की माणसाच्या एखाद्या निकडीनं, हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसले आहे. निमित्त माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, शिवकांताक्कांच्या जाण्याचं. गेल्या महिन्यात सकाळी माकणीहून पुतण्याचा फोन आला, "काकू, आई झोपेतच गेली..." वय झालं होतं, स्तनाच्या कर्करोगाला तर त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी मागं टाकलं होतं. दुःख झालं, पण मन निवांत राहिलं.

अक्कांचं ऑपरेशन सोलापूरला झालं, डाव्या बाजूचं. जखम नीट भरली. हात मात्र खांद्याच्या उंचीपर्यंतही जाईना. आम्हा लिंगायतांकडं रोजच्या पूजेत इष्टलिंग, म्हणजे गळ्यात धारण केलेलं छोटं लिंग, डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरतात आणि उजव्या हातानं भस्म, बेल वाहतात. अक्कांना मरणाची भीती नव्हती. ही पूजा हातून सुटेल, एवढीच होती. पुतण्यानं सुचवलं, "आई, लिंग पाटावर ठेवून पूजा कर." त्या उसळल्या, "पाटावर बसवायला त्यो काय जावई हाय व्हय?"

काही दिवसांनी त्यांनी पूजा पुन्हा सुरू केली. तळहात छातीपाशी, मान खोल लवलेली. येणाऱ्याजाणाऱ्या बायका म्हणत, "किती लीन झाल्यात अक्का!" आम्हालाही ते खरं वाटलं. पुढच्या तपासणीला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं सहज विचारलं, "आजी, पूजा कशी करता? दाखवा बरं." अक्कांनी दाखवली. ती म्हणाली, "आजी, तुमचा हात वर जातच नाही. तुम्ही मान खाली आणताय."

अक्का खांद्याची ओढ विसरून हसल्या. "अगं, घरी आलेल्या स्वामींनी बी लई कौतुक केलं की माझं!" भक्ती समजून आम्ही सगळे ज्याच्यापुढं हात जोडत होतो, तो आखडलेला खांदा होता.

त्या मुलीनं सांगितलेला व्यायाम साधा होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं हळूहळू वर चालवायची. ओढ जाणवेपर्यंत जायचं, कळ येईपर्यंत नाही. "मला पाल करतीस व्हय पोरी?" असं म्हणत अक्कांनी तो मनावर घेतला. हात वर नेताना त्यांचा खांदा कानाकडं सरके. मी शाळेतून निवृत्त होऊन तेव्हा त्यांच्या सोबतीला माकणीला राहिले होते; टोकलं की म्हणत, "मास्तरीण, तुझी शाळा सुटली की गं! आता तरी घंटा दे." एखाद्या दिवशी हात कालच्यापेक्षाही खाली अडे. तेव्हा त्या चिडत नसत, भिंतीलाच म्हणत, "उद्या बघते तुला."

पावसाळा सरत आला असताना एका सकाळी मी देवघराच्या दारात उभी होते. अक्कांची पाठ ताठ, मान सरळ. तळहात संथपणे वर आला आणि डोळ्यांसमोर स्थिर झाला. पूजा पुरी होईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "आता कसं... समोरासमोर."

अजूनही माकणीच्या घरात कुणी पूजेला वाकून बसलं, तर नातसून हसत बजावते, "मान न्हाय, हात!" अक्का त्या घरात अशा उरल्या आहेत.

व्यायामानं खांदा मोकळा केला आणि निकडीनं तो व्यायाम रोज करवून घेतला, हे माझं उत्तर. पण ते एकाच घरातलं आहे. त्यावर विसंबू नका. व्यायाम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि तुमच्या घरी अशा आजारातून उठलेली कुणी असेल, तर ती हात वर नेते की मान खाली आणते, हे कृपया स्वतः पाहा.