मामांनी फिरवलेला निर्णय

"हीच ना ती भाची? हिचाच फ्लॅग फिरवला होता सुभाषदादांनी."

माझ्या मागे बसलेल्या बाईंनी हे शेजारणीच्या कानात विचारलं होतं, पण देवळाच्या सभामंडपात तेव्हा इतकी शांतता होती की ते पुढपर्यंत ऐकू गेलं. मी मान वळवली नाही. समोर टेबलावर सुभाषमामांचा हार घातलेला फोटो होता आणि शेजारी गावच्या क्रीडामंडळाचे अध्यक्ष नाना माइकची वायर सोडवत होते. मामांचं तेरावं होऊन गेलं होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते कोसळले. आईचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. "मामा गेले," एवढंच त्यात होतं.

पोटासाठी कारखाना असला तरी रत्नागिरी ते पाली या पट्ट्यातल्या गावांना मामा माहीत होते ते व्हॉलीबॉलचे पंच म्हणून. त्यांच्या गावाचं मैदान सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर आहे, कातळ सपाट करून वर लाल माती पसरलेलं. पडलं की गुडघ्याची सालपटं निघतात. म्हणून आमच्या गावात उड्या टाकणारे खेळाडू कमी आणि पाय हलवणारे जास्त, असं मामा म्हणत. मी शहरात राहणारी, इंग्रजी शाळेतली, शनिवार-रविवार मामांकडे येणारी. मैदानाच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांवर बसून मी खेळ बघायची. कोणी "येतेस काय गो?" म्हटलं की मान हलवायची आणि ती हो की नाही हे समोरच्याला कधी कळायचं नाही. मामांनी मला एकदाही खेळायला ओढलं नाही. त्यांच्याकडे नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे मला मराठीत सांग." मग मी एक वाक्य वाचायची, अडखळत त्याचं मराठी करायची आणि ते आपल्या शब्दांत पक्कं करून घ्यायचे. नेटच्या वरची ती अदृश्य पातळी मला काही केल्या सांगता येईना, तेव्हा ते म्हणाले, "भिंत समज. नेटच्या वर आभाळापर्यंत भिंत आहे. समोरच्याचा खेळ चालू असताना भिंतीपलीकडे हात घालायचा नाही. झालं."

खेळ त्यांनी मला घरामागच्या खळ्यात शिकवला, कोणी बघत नसताना. "हात जोडायचे, कोपरं ताठ, अंगठे शेजारी शेजारी. बॉलला मारू नको गो बाय, त्याला नुसती जागा दे. उचलायचं काम गुडघ्यांचं." वरचा पास शिकवताना त्यांनी माझी दहा बोटं कपाळासमोर धरून त्यांची खिडकी केली. "खिडकीत बॉल दिसला की ढकल. धरून ठेवलास तर शिट्टी मारीन." तीन स्पर्शांत बॉल पलीकडे गेला पाहिजे, पहिला उचलायचा, दुसरा नेटजवळ चढवून द्यायचा, तिसरा मारायचा. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही. हे सगळं मला आवडलं. नको वाटली ती फक्त जागा बदलायची पद्धत. समोरच्यांची सर्व्हिस मोडून आपल्याकडे घेतली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्यांसारखं एक एक जागा सरकायचं, आणि सरकत सरकत प्रत्येकावर कधी तरी मागच्या रेषेबाहेर एकटं उभं राहून सर्व्हिस करायची पाळी येते. सगळे बघत असतात. मी मामांना तसं सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं असावं, कारण पुढच्याच रविवारी त्यांनी माझ्या हातात लाल फडक्याचा फ्लॅग दिला.

"लाइनमन हो. लाइनमनला बोलावं लागत नाही."

बॉल आत पडला की फ्लॅग जमिनीकडे, बाहेर पडला की वर. कोणाच्या हाताला लागून बाहेर गेला तर फ्लॅग उभा धरून त्याच्या टोकावर दुसरा तळवा ठेवायचा. बस्स. मी लाइनमन झाले हे ऐकून शेजारच्या आजी म्हणाल्या, "मग आमच्या वाडीतली लाइट सारखी जाते ती बघ आधी." मामा बरेच दिवस हे ज्याला त्याला सांगत होते. पण मैदानावर ते माझे मामा नसत. रेषा ही मैदानाचीच असते, बॉलची नुसती कड चुन्याला लागली तरी तो आत, हे त्यांनी मला माती उकरून उकरून दाखवलं. "बॉलच्या मागे डोळे नेलेस तर फसशील. तो येणार कुठे ते ओळख आणि आधीच रेषेवर जाऊन थांब." मला ते जमलं. बोलायची वेळ आली की मी बाजूला बघते, त्यामुळे असेल, पण एका जागी टक लावून बघत राहायची सवय मला लहानपणापासून होती.

मी बारावीत असताना गावात मुलींच्या संघांची स्पर्धा झाली आणि आमचं गाव अंतिम सामन्यात आलं. त्या सामन्याचे पंच ऐनवेळी आजारी पडले. समोरच्या संघाची कर्णधार स्वतः मामांकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच चढा. तुमच्यावर आमचा विश्वास आहे." मामांनी नको म्हटलं, पण दुसरं कोणी नव्हतं. ते नेटच्या टोकाला उंच स्टँडवर चढले आणि मी पलीकडच्या कोपऱ्यात फ्लॅग घेऊन उभी राहिले.

आमच्या संघात अक्षता होती. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, खालच्या वाडीतली. लावणीच्या दिवसांत चिखलाचे पाय धुऊन थेट मैदानावर यायची. ती उडी मारायला दोन पावलं मागे गेली की पलीकडच्या मुली आपोआप सरकायच्या. सामना तिसऱ्या सेटला गेला, पंधरा गुणांच्या. चौदा-तेरा, आम्ही पुढे. बॉल अक्षतासाठी चढला आणि तिने तो सगळा जोर लावून मागच्या कोपऱ्याकडे मारला. मी आधीच रेषेवर जाऊन थांबले होते. बॉल चुन्यावर पडला आणि पांढरी फक्की उडाली. मी फ्लॅग खाली केला. आमची माणसं ओरडत मैदानात शिरली. समोरच्या गावची माणसं माझ्या मागेच बसली होती, त्यांच्यातला एक उठून म्हणाला, "वा! मामा वर, भाची खाली. घ्या कप घरीच!"

मग शिट्टी वाजली. मामांनी दोन्ही हात कोपरातून वर उचलले, तळवे स्वतःकडे. बाहेर.

मुख्य पंचाला लाइनमनचा निर्णय फिरवता येतो. तोही नियम मीच त्यांना वाचून दाखवला होता. चौदा-चौदा झाले. पुढचा बॉल पुन्हा अक्षताकडेच चढला, पण या वेळी तिने तो मारला नाही, बोटांनी हलकेच नेटवरून टाकला. समोरच्या मुलींनी तो सहज उचलून गुण घेतला. त्यानंतरचाही. आम्ही हरलो.

त्या दिवसापासून ती गोष्ट मामांची झाली. सख्ख्या भाचीचा निर्णय फिरवला, स्वतःचं गाव हरलं तरी न्याय सोडला नाही. लग्नात, पूजेला, एसटीत कोणी ना कोणी ती सांगायचंच. आणि अक्षताच्या वाट्याला त्याच गोष्टीचा दुसरा भाग आला. "काय गो, बॉल कोल्हापूरला पाठवलास की काय?" मैदानासमोरून कोल्हापूरचा रस्ता जातो, त्यामुळे ही थट्टा सगळ्यांना आवडली. अक्षताही हसायची. पण ती पुढे खेळली तेवढे दिवस पुन्हा कधी जोरात मारताना मी तिला बघितलं नाही. बॉल कितीही छान चढला तरी ती तो बोटांनी टाकायची. तसं झालं की मामा कडेला उभे राहून भलतीकडेच बघत.

सामन्यानंतरच्या रविवारी मामांनी मला रेषा आखायला बोलावलं. मी दोरी ताणून धरली होती आणि ते घमेल्यातली फक्की मुठीने सोडत ओणवे पुढे येत होते. त्या कोपऱ्यापाशी आल्यावर ते थांबले. वर न बघता म्हणाले, "आत होता ना?"

मी हो म्हटलं.

"मला बॉल दिसलाच नव्हता," ते म्हणाले. "मधे त्यांची पोर उडाली होती. मला तुझा फ्लॅग दिसला. आणि तुझ्या मागे बसलेली माणसं दिसली." मग हातातली उरलेली फक्की त्यांनी परत घमेल्यात टाकली. "दुसरं कोणी त्या कोपऱ्यात असतं तर मी नुसता फ्लॅग बघून आत दिला असता. तू होतीस म्हणून फिरवला... अक्षताला सांगायला हवं."

त्यांनी प्रयत्न केला, हे मी बघितलं आहे. एका संध्याकाळी नेट सोडताना त्यांनी तिला हाक मारली. "अक्षता, त्या दिवसाचा तो तुझा बॉल..." तिने त्यांना बोलूच दिलं नाही. "राहू द्या हो दादा! हातच तिरपा पडला माझा. बाहेरच होता तो." शेजारी पोरं उभी होती, ती हसली. मामा नेटची दोरी हाताला गुंडाळत राहिले. मला एसटी स्टँडवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वेळी सांगतो." मग तिचं पालीला लग्न झालं. मामांनी स्वतःच्या गावाचे सामने घेणं बंद केलं आणि लोकांनी त्यालाही त्यांचा मोठेपणाच म्हटलं. माझ्याजवळ त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त कधी कधी, मी जायला निघाले की, "अक्षता आलीय काय गो माहेरी?" असं विचारायचे. आलेली असली तरी त्यांचं जाणं व्हायचं नाही.

ते गेल्यानंतरच्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण मामीला ही गोष्ट सांगत होता. सुरुवातीला मामी नुसती ऐकायची. नंतर कोणी अडखळलं की तीच पुढचं सांगायला लागली, आणि सांगताना तिचा आवाज थोडा वर यायचा. सबंध दिवसात तेवढाच. म्हणून मी गप्प होते.

शोकसभेत नानांनीही शेवटी तेच सांगितलं. हात कसे वर केले ते करून दाखवलं. आणि बसता बसता म्हणाले, "अक्षता पण आलीय इथं! काय गो, कोल्हापूरला गेलेला बॉल मिळाला काय?" शोकसभा असूनही माणसं हसली. खांबाला टेकून बसलेल्या अक्षताने मांडीवरच्या मुलीचे केस सारखे केले आणि तीही हसली. मुलीने वर बघत विचारलं, "आई, कुठला बॉल?" अक्षता म्हणाली, "काही नाही गो. मी एकदा बाहेर मारला होता."

"आता भाचीने दोन शब्द बोलावेत," नाना म्हणाले आणि हातोहात माइक माझ्याकडे आला. मी तयारी केली होती. मामा शिस्तप्रिय होते, प्रेमळ होते, अशी चार वाक्यं मी मनात पाठ केली होती. पहिल्या रांगेतून मामी मागे वळून माझ्याकडे बघत होती. स्टँडवर हात वर करून उभा असलेला माणूस तिला हवा होता, तसा तो सगळ्या गावालाच हवा होता. मला मात्र तो तेवढ्या एका क्षणापुरताच भेटला होता. फक्कीचं घमेलं घेऊन ओणवा झालेला, आणि वर न बघता विचारणारा माणूस मी ओळखत होते. खरं सांगितलं तर मामीचं नंतर काय होईल ते मला ठरवता येत नव्हतं... आजही येत नाही. पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना. मी उभी राहिले, आणि एरवी बाजूला बघते तशी न बघता त्या खांबाकडे बघितलं.

"अक्षता, तो बॉल आत होता," मी म्हणाले. "मामांनी मला हे सांगायला सांगितलं नव्हतं. पण त्यांना तुला सांगायचं होतं."