नेटच्या खांबाजवळची खुर्ची

मंडळी, गरम पाण्याच्या पिशवीवर कंबर टेकून लिहितोय.

बऱ्याच दिवसांच्या सक्तीच्या आरामानंतर आज सकाळी व्हॉलीबॉलला गेलो. माझं वय अठ्ठावन्न, कंबर आणि खुबा त्याहून म्हातारे. बघतो तर नेटच्या खांबाजवळ प्लास्टिकची खुर्ची! माझा जुना जोडीदार सलीम घरनं घेऊन आलेला.

माझं डोकंच फिरलं. "मला म्हातारा समजतोस व्हय?" म्हणालो आणि थेट नेटवर उभा राहिलो. पहिल्याच स्मॅशला उडी मारली. खाली येताना खुब्यात अशी कळ आली की तिथंच वाकलो. सलीमनंच धरून खुर्चीवर बसवलं.

"तुझ्यासाठी नव्हती रं ती," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरनं गुडघ्यामुळं माझा खेळ बंद केलाय. घरी करमंना, म्हणून बसून बघायला आणली."

मग मला बसवून तो खांबाला धरून उभ्यानंच खेळ बघत राहिला. लई लाज वाटली.

उद्या मी दुसरी खुर्ची नेणार आहे. पण पायात खेळायचे बूट घालायचे की नुसतं बसून बघायला चपला, हे अजून ठरंना. तुम्ही काय घातलं असतं?