थोरल्या साडूंचं कोरं पान

कॉम्प्युटर वापरणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण कॉम्प्युटरशी अबोला धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो आमचा थोरला साडू आहे. लातुरात गंजगोलाईच्या जवळ एका बोळात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. घरचे सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. कॉम्प्युटरने काही आगळीक केली की अण्णा त्याच्याकडे पाठ करून बसतात, रस्त्याकडे बघतात, आणि गिऱ्हाईक आलं तर सांगतात, "थांबा जरा, आमचं बोलणं बंद हाय." मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. नवीन सिस्टीम आली की ती टेबलाटेबलावर चढवायची आणि जुन्या कारकुनांना समजावून सांगायची, हे माझं काम. मी अबोल माणूस आहे. का अबोल, हे मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. नव्या गोष्टीची मला भयंकर भीती वाटते, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून प्रत्येक नवीन यंत्र मी आल्या दिवशी निमूट शिकून घेतो. मग निवृत्तीला आलेल्या एखाद्या बाईंच्या शेजारी उभा राहून "सोपं आहे हो मॅडम" म्हणतो. त्या हरवल्यासारख्या पडद्याकडे बघत असतात आणि मला आतून अपराधी वाटत असतं, कारण सोपं मुळीच नसतं. हे अण्णांनी ज्या दिवशी मोठ्याने म्हटलं, त्या दिवसापासून तो माणूस मला फार आवडतो. त्यांना तसं मी कधी बोललेलो नाही.

त्यांचा जुना कॉम्प्युटर घरातलं माणूस होता. दसऱ्याला झेंडूचा हार, अमावस्येला उदबत्ती, आणि दुकान बंद करताना वरून अक्कांची जुनी शाल. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती शाल त्यांना विचारूनच घेतली होती, असं अण्णा सांगतात. अक्का तसं सांगत नाहीत. कॉम्प्युटर बंद करणं अण्णांना मंजूर नव्हतं. "झोपवायचं," ते म्हणायचे, "मारायचं न्हाई." इंटरनेटची वायर तर त्यांनी त्याच्या जवळपासही फिरकू दिली नाही. बाहेरची हवा लागली की त्याला नवीन काहीतरी घ्यावंसं वाटेल आणि मग तो हातात राहणार नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. वयात आलेल्या मुलाच्या बापाचाच सिद्धांत म्हणा, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं खरा ठरला. आमच्या ऑफिसात तेवढ्या काळात कितीतरी सिस्टीम आल्या आणि गेल्या. अण्णांच्या दुकानात मात्र तोच निळा पडदा आणि सुरू होताना तेच छोटंसं गाणं.

पण त्यांची खरी करामत पत्रिका करण्याच्या पद्धतीत होती. आयुष्यात अण्णांनी नवीन फाईल कधी उघडली नाही. त्यांच्याकडे एकच फाईल होती, तिचं नाव 'लग्न'. गिऱ्हाईक आलं की ती उघडायची, आधीच्या नवरानवरीची नावं पुसून नवी घालायची, मुहूर्त बदलायचा, मामा-काका-आत्या बदलायचे, कागदावर काढून छापखान्याला पाठवायची आणि त्याच नावाने वरच सेव्ह करून टाकायची. म्हणजे लातूर, औसा, निलंगा, उदगीर इथली सगळी लग्नं एकाच कागदावर एकावर एक लागलेली होती. आता आमच्या भागात पत्रिकेवर नावं किती असतात, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, आपले नम्र, आणि शेवटी लहान मुलांच्या नावाने 'यायचं हं' वगैरे. त्या गर्दीत एखादं जुनं नाव पुसायचं राहून जाई. निलंग्याकडच्या एका निवृत्त गुरुजींचं नाव असंच 'आपले नम्र'मध्ये राहिलं ते एक अख्खा सीझन. मुलीकडच्यांना वाटे मुलाकडचे असतील, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडचे. गुरुजी सज्जन. आपलं नाव छापलंय म्हटल्यावर ते जमेल त्या लग्नाला फेटा बांधून हजर राहिले, दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत केलं, आणि सीझन संपल्यावर पेढे घेऊन दुकानात आले. "ओळखी लई वाढल्या तुमच्यामुळं," म्हणाले. अण्णांनी पेढा तोंडात टाकून त्यांचं नाव जड मनाने पुसलं.

तो कॉम्प्युटर गेला, तो नेमका आमच्या मुलीचं लग्न ठरल्यावर. सकाळी शाल काढली तर हूं की चूं नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि याचे भाग आता मिळत नाहीत म्हणून सांगितलं. फाईल तेवढी त्याने पेनड्राइव्हवर काढून दिली. समोरच्या बाजूला नवा दुकानदार मोबाईलवर पत्रिका करून द्यायचा, नवरानवरी हलणारी, गाणं लावलेली. त्याने आपलेपणाने विचारलं, "अण्णा, तुमच्या घरची पत्रिका मी करून देऊ का?" अण्णांनी बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "आपल्या बाईची पत्रिका मीच करणार. न्हाई जमली तर त्या दिवशी दुकानाची पाटी काढून ठेवतो." बाई म्हणजे माझी मुलगी. अक्कांनी रात्री फोन करून माझ्या बायकोला सांगितलं की हे गमतीत बोलले नाहीत. दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून काय करील, या विचाराने मला घास जाईना. नवा कॉम्प्युटर मीच घेऊन गेलो. बसमध्ये लोह्यापासून अहमदपूरपर्यंत खोकं मांडीवर होतं आणि मनात एकच होतं, की अण्णांपुढे 'सोपं आहे हो' म्हणायचं नाही.

नव्या यंत्राने पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कोण. अण्णा दुखावले. "माझं दुकान, माझी खुर्ची, माझं लाइटबिल, आन् हे मला विचारून राहिलं तू कोण." मी आकड्यांचा पिन घालून दिला. तो अण्णा लगेच विसरले, पण विसरण्याआधी चहावाल्याला, छापखान्याच्या माणसाला आणि देगलूरहून आलेल्या एका पाहुण्याला सांगून बसले होते. त्यामुळे पुढे दुकान उघडलं की चहावाला आधी कॉम्प्युटरचं कुलूप काढून द्यायचा, मग चहा. नंतर पडद्यावरचं ते स्टार्टचं मुख्य बटण. जुन्यात ते डाव्या कोपऱ्यात होतं, नव्यात मध्यभागी. अण्णांचा हात आपोआप कोपऱ्यात जायचा, तिथे काहीच नसायचं. "सगळ्या दुकानांचे दरवाजे रात्रीतून मधी आणून ठेवल्यावर गिऱ्हाईकानं काय करायचं?" ते म्हणाले. बटण कोपऱ्यात परत नेता येतं, हे मी सांगणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच तोडगा काढला. त्यांनी पडदाच डावीकडे इतका सरकवला, की त्याची मधली जागा बरोबर जुन्या कोपऱ्याच्या ठिकाणी आली. अर्धा पडदा टेबलाच्या बाहेर लोंबत होता, खाली विटा लावल्या होत्या, आणि अण्णा विजयी मुद्रेने जुन्याच जागी बसून काम करत होते. सांगायला लाज वाटते, पण मला तो उपाय माझ्यापेक्षा बरा वाटला.

कोपऱ्यात ते यंत्र हवामान दाखवायचं. "लातुरात ऊन हाय म्हणतंय. हाव बाबा, घाम मलाच आलाय." कधी भर गिऱ्हाइकीत ते स्वतःला सुधारायला घ्यायचं, गोल गोल फिरत राहायचं आणि बंद करू नका म्हणून बजावायचं. तेव्हा अण्णा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बसा. साहेब जेवाय बसलेत." आणि खरोखर तेवढा वेळ आवाज खाली ठेवून बोलायचे.

हे सगळं निभलं. निभलं नाही ते एकच. पेनड्राइव्हवरची 'लग्न' ही फाईल उघडेना. जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नव्हतं, आणि त्याच्याशिवाय त्या फाइलीत नुसते चौकोन दिसत होते. मी माझी सगळी विद्या लावली. रविवारी दुपारी अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसून शेवटी खरं ते सांगितलं, "नाही उघडणार अण्णा. नवीनच करावी लागेल." मी नवीन पान उघडून दिलं. पांढरंशुभ्र. वर एक उभी रेघ उघडझाप करत होती.

अण्णा तिच्याकडे बघत पडद्याजवळ वाकले.

"डोळे मिचकावून राहिली बघा," ते म्हणाले.

"लिहा की."

"काय लिहू?"

"पत्रिका."

"साडूभाऊ, मी कधी लिहिली न्हाई. ती तिथं असायचीच. मी नुसती माणसं बदलायचो." मग हळूच म्हणाले, "वर महादेवाचं नाव येतंय, तेवढं मला ठाऊक हाय. खाली काय असतंय?"

चेष्टा नव्हती ती. ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याची लग्नं छापली, त्याच्या कपाळावर शाळेतल्या पोरासारखा घाम होता. अक्का दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. अण्णांनी पाटीकडे बघितलं नाही, पण बघायचं टाळलं हे मला दिसलं.

"नमुन्याला दुसऱ्याची पत्रिका आणू का?" मी विचारलं.

"कुणाची तरी पुसून आपल्या बाईची नगं," ते म्हणाले. "आता न्हाई. तुम्ही बोला, मी दाबतो. बाप तुम्ही हायसा."

मी? मी घरात मीठ मागतानाही शब्द मोजतो. तरी बोललो. आमच्या मुलीचं लग्न ठरलंय, म्हटलं. अण्णांनी एका बोटाने ते शोधून शोधून दाबलं. मुलगा चांगला आहे. तेही दाबलं. तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल. आम्हालाही वाटेल. जरूर या. मी पुढे बोलणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "सावकाश, मला 'जरूर'चा रू सापडंना." ऊन उतरेपर्यंत एवढंच झालं. महादेव, या ओळी, दोघांची नावं, मुहूर्त, आणि खाली दोन्हीकडचे आईबाप.

"आन् बाकीची नावं?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी आपलं सुजलेलं बोट बघितलं. "बाकीच्यांना फोन करू."

आमच्या खानदानात इतकी छोटी पत्रिका कधी निघालेली नव्हती. माझ्या लोह्याच्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, पत्रिका उलटसुलट करत दुकानापर्यंत आले. "आमचं नाव कुठाय?"

"मामा, नव्या सिस्टीममधी नावं जास्त बसत न्हाईत," अण्णांनी शांतपणे सांगितलं. "सगळ्या जगात हेच करून राहिलेत आता."

मामांनी ते मान्य केलं, कारण अण्णांच्या चेहऱ्यावर शंकेला जागा नव्हती. पण लग्नात ती पत्रिका लोकांनी खिशात जपून नेली. पुढच्या आठवड्यात उदगीरचे एक गृहस्थ दुकानात येऊन म्हणाले, "तुमच्या साडूच्या पोरीला केलती तसली द्या. बोलल्यासारखी." मग आणखी कुणी आलं. पाटी जागच्या जागी राहिली.

परवा लातूरला गेलो होतो. पडदा टेबलाच्या मधोमध आला होता. अण्णा दोन्ही हातांनी काम करत होते. समोर बसलेल्या बापाला "बोला" म्हणत होते आणि तो अडखळत बोलत होता. यंत्राने काहीतरी विचारलं, अण्णांनी न बघता होय म्हणून टाकलं. एक शब्द सुनावला नाही. मला बरं वाटायला हवं होतं आणि वाटलंही. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी चहा मागवला, रस्त्याकडे बघत प्यायले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या हापिसात जुनं एखादं पडून हाय का हो?"

"कशाला? हे चांगलं चाललंय की."

"कामाला नगं. ते सुरू होताना गाणं म्हणायचं ना. हे मुकाट्यानं सुरू होतंय. सकाळी दुकान उघडल्यासारखं वाटत न्हाई."

बघतो, म्हणालो. आमच्या कोठीत तसले पुष्कळ रचून ठेवलेत. नांदेडला आल्यावर एकेकाला वायर लावून पाहिली. गाणं म्हणणारं अजून सापडलेलं नाही. खालच्या रांगेतले पाहायचे राहिलेत.