तीन टक्क्यांवर सव्वा तास

दिवेकाकांच्या दुकानावर त्यांचं नाव नव्हतं. पाटीवर होतं, 'लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुरुस्त होतील', आणि खाली जागा उरली होती म्हणून, 'घाई करू नये'. तीस वर्षं त्यांनी एका फिरत्या नाटक मंडळीचे दिवे सांभाळले होते. रंगमंचावर पहाट आणायची, नायकाच्या शेवटच्या श्वासाबरोबर खोलीतला उजेड कळेल न कळेल असा उतरवायचा, ही सगळी त्यांच्या उजव्या मनगटाची करामत. पुढे मंडळी मोडली, डिमरची पेटी भंगारात गेली, मनगट तेवढं शाबूत राहिलं. मग ते बॅटऱ्यांकडे वळले. "काम तेच," ते म्हणत, "विजेला सांभाळून आणायचं नि सांभाळून न्यायचं. फक्त टाळ्या नाहीत."

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उंच माणसाने मान तुकवूनच आत यायचं. सोमवारी सकाळी अशीच मान तुकवून एक बाई आत आल्या. केस पांढरे, गळ्याभोवती रुमाल, आणि गळ्यातच पट्ट्याने अडकवलेला एक लाकडी ट्रे. जत्रेत खेळणी विकणाऱ्याचा असतो तसा. ट्रेवर लॅपटॉप. बाईंनी भराभर काहीतरी टाइप केलं आणि लॅपटॉप सपाट आवाजात बोलू लागला.

"नमस्कार. मी शिक्षिका आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला. मी लिहिते ते हे यंत्र बोलतं. पण चौतीस टक्के चार्ज दिसत असतानाच ते अचानक..."

पडदा काळा झाला.

बाईंनी पर्समधून कागद काढला आणि वाक्य पुरं केलं: 'बंद पडतं. असं.'

दिवेकाकांना हसू आवरेना. बाईही हसल्या, आवाज न करता, खांद्यांनी. बाकीचं त्यांनी कागदावरच सांगितलं. गुरुवारी अकरा वाजता मुख्याध्यापिका आणि समितीची दोन माणसं त्यांच्या वर्गात येऊन बसणार होती. यंत्राच्या मदतीने पुरा तास घेता आला तर वर्ग त्यांच्याकडे राहणार. मधेच यंत्र बंद पडलं, तर बावीस वर्षं शिकवलेल्या शिक्षिकेची रवानगी नकाशांच्या कोठीत. नकाशे द्यायचे, परत घ्यायचे, झटकायचे.

"प्लगला जोडून शिकवता येत नाही का?" दिवेकाकांनी विचारलं.

'वर्गात प्लग एकच, फळ्याजवळ,' बाईंनी लिहिलं. 'मी फिरून शिकवते. मागच्या बाकावरची पोरं फळ्यापाशी उभं राहून शिकवलेलं ऐकत नाहीत. तुम्ही कुठे बसायचात?'

"मागेच," दिवेकाका म्हणाले आणि लॅपटॉप ठेवून घेऊन बॅटरी काढली.

या मॉडेलची नवी बॅटरी आता कोणी बनवत नव्हतं. त्यांनी जुनी उघडली, आतले सहा सेल काढले, नवे बसवून पट्ट्या जोडल्या. सायंकाळपर्यंत काम झालं. मंगळवारी सकाळी मीटर लावला तर काटा कसा ताठ. पण लॅपटॉप चालवून पाहिला आणि अर्ध्या-पाऊण तासातच तो पाच टक्के दाखवून आपला आपण बंद झाला. दिवेकाकांनी पुन्हा मीटर लावला. सेल अजून अर्ध्याहून जास्त भरलेले. पोट भरलंय आणि उपाशी म्हणून ओरडतोय, असला प्रकार.

दुपारी सून डबा द्यायला डोकावली. एका दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते आणि सासऱ्याला घरात उलट बोलायचा हक्कही.

"बाबा, तुम्ही सेल मोजता. लॅपटॉपची सिस्टिम सेलकडे बघतच नाही. बॅटरीच्या पोटात एक चिप असते, ती सांगेल तो आकडा सिस्टिम वाचते. आणि चिपच्या डोक्यात अजून जुन्या, थकलेल्या सेलचं माप आहे."

"म्हणजे नट नवा उभा केला, पण प्रॉम्प्टर म्हाताऱ्या नटाच्या हिशेबाने अंक लवकर संपवतोय."

"आणि मॅनेजर प्रॉम्प्टरचं ऐकून पडदा पाडतोय. बरोबर." ती एव्हाना सासऱ्याच्या भाषेला सरावली होती. "चिपला नवं माप शिकवावं लागेल. एकदा बॅटरी काठोकाठ भरा, मग पार तळ गाठेपर्यंत रिकामी होऊ द्या. पाच टक्क्यांवर आपणहून बंद व्हायचा हुकूम आहे, तो तेवढा तात्पुरता काढून ठेवा. नाहीतर तळ दिसायचाच नाही."

दिवेकाकांनी हुकूम काढला, बॅटरी चार्जिंगला लावली, मग रिकामी केली. सायंकाळी बघतात तर माप जुनंच. "ढ आहे चिप," ते घरी जाऊन म्हणाले.

बुधवारी सात वाजताच त्यांनी दुकान उघडून बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली. आज मात्र त्यांनी मीटर बाजूला ठेवला. सुनेने शिकवलेला तो काळा पडदा उघडला, जिथे सिस्टिम आपल्या नोंदी साध्या ओळींत मांडते. चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. चार्जर जोडलेला: हो. टक्के: ऐंशी. स्थिती: 'चार्ज होत नाही'.

'भरली' नव्हे. 'चार्ज होत नाही'.

दिवेकाका खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. जो लॅपटॉप येईल त्याला पहिल्यांदा हुकूम द्यायचा, ऐंशीवर चार्जिंग थांबव. तुडुंब भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. दोन घास कमी खावेत, चार वर्षं जास्त जगावं. हा हुकूम ते इतक्या सवयीने देत की चपलेत पाय घातल्याची आठवण राहू नये तसं सोमवारचंही त्यांना आठवत नव्हतं. चिप बिचारी काठ दिसायची वाट बघत बसली होती, आणि काठाला हात यांचाच आडवा.

त्यांनी फोन लावला. "सूनबाई, चिपची माफी मागायची काही पद्धत असते का?"

सगळं ऐकून ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "आता किती वाजलेत? साडेआठ. होतंय बाबा. काढा तो हुकूम."

साडेदहा वाजता पडद्यावर 'भरली' ही ओळ आली. त्याच वेळी बाईही आल्या, मान तुकवून, चेहऱ्यावर काळजी घेऊन.

"बसा," दिवेकाकांनी स्टूल पुसून दिलं. "मला तुमची मदत हवी. ही बॅटरी आज पूर्ण संपवायची आहे. पडद्याचा उजेड पूर्ण, आवाज पूर्ण. बोला."

बाईंनी टाइप केलं, "काय बोलू?"

"काहीही. नवऱ्याच्या तक्रारी सांगा."

बाईंची बोटं घुटमळली. वर्षभर त्या बॅटरी वाचवत आल्या होत्या. उजेड मिणमिणता, आवाज कमी, आणि शब्द तर पदरच्या गाठीतून सोडावेत तसे: हो, नाही, पान बारा, वही. घरीही तेच. लांब वाक्य मनात आलं की त्या ते अर्ध्यावर तोडत.

मग त्यांनी सुरुवात केली. नवरा घोरतो इथपासून, तो घोरत नाही असं शपथेवर सांगतो इथपर्यंत. मुख्याध्यापिका कधीकाळी त्यांचीच विद्यार्थिनी होती आणि तेव्हाही इतकी काटकसरी, की उत्तरपत्रिकेत समास सोडत नसे. बोटं पळू लागली. जिन्यावरून उतरणारे दोघेतिघे थांबून ऐकू लागले. यंत्राचा सपाट आवाज, आणि वाक्यावाक्याला हशा. दिवेकाका मधूनमधून "मग?" एवढंच म्हणत. मुरलेल्या प्रेक्षकाला तेवढंच काम असतं.

साडेअकराच्या सुमारास आकडा तीनवर आला. बाई थबकल्या.

"थांबू नका," दिवेकाका म्हणाले.

"तीन टक्के," यंत्र म्हणालं.

"तीन म्हणणाऱ्याला अजून खरं ठाऊक नाही. बोला तुम्ही."

बाई बोलत राहिल्या, आधी घाबरत, मग विसरून. बारा वाजले, आकडा तीन. सव्वाबारा, तीनच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटचा तास कसा घेतला ते त्यांनी सांगितलं. वर्गाला काहीच माहीत नव्हतं. पोरं नेहमीसारखी गोंगाट करत होती, आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाच गप्प बसवलं नाही. दिवेकाकांनी 'मग?' म्हटलं नाही.

"तास संपला," यंत्र सांगत होतं, "आणि जिना उतरताना मी ठरवलं की..."

पावणेएकला पडदा काळा झाला. तीन टक्क्यांवर सव्वा तास. दिवेकाकांनी चार्जर जोडला आणि कागद पुढे केला. बाईंनी मान हलवली. कागदावर सांगण्याइतकी ती गोष्ट लहान नव्हती. साडेतीनला बॅटरी पुन्हा काठोकाठ भरली, आणि काळ्या पडद्यावर मापाचा आकडा नवा होता, जुन्याच्या दुपटीहून थोडा जास्तच. दिवेकाकांनी पाच टक्क्यांचा हुकूम जागेवर ठेवला. ट्रेचा पट्टा मानेला काचत असणार म्हणून त्याला आतून कापडही लावून दिलं.

गुरुवारी त्यांनी पहिल्यांदाच दुपारपर्यंत दुकान बंद ठेवलं. वर्गाच्या मागच्या बाकावर समितीची दोन माणसं, मुख्याध्यापिका, आणि कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन दिवेकाका. बाई नदीवर बोलत होत्या. ती वळण का घेते, आतल्या काठावर गाळ आणि बाहेरच्या काठाची झीज का. बोलता बोलता ट्रे घेऊन त्या बाकांमधून फिरल्या, थेट मागपर्यंत. एका मुलीने विचारलं, "बाई, नदी सरळच गेली तर?" बाईंनी उभ्या उभ्या सात ओळींचं उत्तर लिहिलं. एकही शब्द वाचवला नाही.

घंटा झाली. मुख्याध्यापिका बाईंपाशी आल्या. "सोमवारचं वेळापत्रक ऑफिसातून घेऊन जा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. समास अजूनही सोडत नव्हत्या.

वर्ग रिकामा झाल्यावर दिवेकाकांनी ट्रेवर वाकून बघितलं. एकाहत्तर टक्के. "आता ऐंशीचा हुकूम पुन्हा देतो," ते म्हणाले, "रोजच्याला तेवढं पुरे. पण बाई, काल गोष्ट अर्धवट राहिली. जिना उतरताना तुम्ही काय ठरवलं होतं?"

बाईंनी बाक पुढे ओढून त्यांना बसायची खूण केली आणि लिहायला घेतलं.

"सांगते. पण ते सांगायला त्याच्या आधीची दोन वर्षं सांगावी लागतील."