तांग-युआनवर तुपाची धार

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच आहे म्हणा, कारण आमच्या मंजिरीने इथे जपानात, कोबेतल्या एकूण एक मराठी घरात नवऱ्याचा हा पराक्रम आधीच पोचवलाय.

माझ्या लॅबमध्ये लिन-सान आहे, चीनची. तिची आई कित्येक वर्षांनी लेकीकडे आली होती. त्यांचा सण, म्हणून आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. रिकाम्या हाताने कसं जायचं? मंजिरीने घरी कढवलेल्या तुपाची बरणी नेली.

जेवणं झाल्यावर काकूंनी चार वाट्या मांडल्या. गरम गोड पाण्यात तांदळाच्या पिठाचे पांढरेशुभ्र गोळे. "तांग-युआन. आत काळ्या तिळाचं सारण आहे," लिन-सान म्हणाली आणि मायलेकी चहा आणायला आत गेल्या.

वर तांदळाचं पीठ, आत सारण. अहो, मी पुण्याचा. हे मला कोणी शिकवायचं?

"मंजिरी, हे तर बिनपाकळ्यांचे मोदक. आणि वर तूप नाही?"

"तू गप बस. त्यांना येऊ दे."

"बिचाऱ्यांना माहीत नसेल गं."

मोदक कसा खातात? फोडायचा आणि आत तूप सोडायचं. मी चमच्याने माझे फोडले, मग मंजिरीचे. मग वाटलं, यजमानांनीच काय घोडं मारलंय? त्यांचेही फोडले. सारण बाहेर आलं आणि चारही वाट्यांत डांबर पसरलं. त्यावर मी सढळ हाताने तूप ओतलं. मंजिरीने कपाळाला हात लावला.

दोघी बाहेर आल्या. काकूंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

लिन-सान हळूच म्हणाली, "हे गोल असतात ना, म्हणजे सगळं कुटुंब एकत्र. आई आली म्हणून यंदा केले."

म्हणजे मायलेकींची इतक्या वर्षांची भेट मी चमच्याने फोडली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. येतील तेवढ्या भाषांत मी माफी मागितली.

काकूंनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग वाटीच तोंडाला लावली, आणि लेकीच्या कानात काहीतरी सांगून अशा हसत सुटल्या की लिन-सानही डोळे पुसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये विचारलं, "आई काय म्हणाली गं?"

"पुढच्या सणालाही बोलाव म्हणाली."

मी जरा फुललोच. "आम्हाला?"

"मंजिरी-सानला. आणि त्या बरणीला."